गुलाबदाणीवाले धुमाळ

बडोद्यात बसून खुनी ठरवणं फार जिकिरीचं काम आहे. पुण्या-मुंबईच्या लेखकांना ही अडचण कळायची नाही. तिथं कुठल्याही बंगल्यातल्या कुणालाही खुनी ठरवा, वाचक शेवटचं पान वाचतो, दिवा मालवतो आणि झोपी जातो. माझ्या कादंबऱ्या घडतात एकोणीसशे दहाच्या आसपासच्या संस्थानी बडोद्यात. त्या बडोद्यात जे जे कोणी नोकरीला होते, त्या सगळ्यांचे पणतू आज माझ्या आसपास राहतात, मराठी वाचतात, आणि त्यांच्याकडे माझा फोन नंबर आहे.

सुरुवातीच्या एका कादंबरीत मी तोफखान्यातला एक हवालदार खुनी दाखवला. पुस्तक बाजारात येऊन आठवडा झाला नसेल, तोच फोन आला.

"बेन, आमचे पणजोबा तोफखान्यात होते."

मी म्हटलं, "काका, माझा हवालदार काल्पनिक आहे."

"ते बराबर आहे ने. पण तुमच्या हवालदाराला मोठ्या मिशा आहेत. आमच्या पणजोबांनाही होत्या."

त्या काळी तोफखान्यात बिनमिशांचा हवालदार कुठून आणायचा, हे मला सुचेना. पुढच्या वेळी मी खुनी शिक्षणखात्यात नेऊन ठेवला. तर फतेगंजातले एक निवृत्त प्राध्यापक स्वतः घरी आले, चहा घेतला, आणि त्यांच्या आजोबांच्या सज्जनपणाबद्दल तासभर बोलून गेले. शेवटी मी संस्थानात एक नवीन खातंच काढलं. त्याचं नाव 'संकीर्ण खाते'. तेव्हापासून माझे सगळे खुनी संकीर्ण खात्यात नोकरीला असतात. मध्यंतरी एका गृहस्थांनी विचारलं, की आमचे खापरपणजोबा बहुतेक त्याच खात्यात होते, आणखी काही माहिती मिळेल का?

खून होऊन पडायला मात्र रांग असते. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या एक बाई डबाभर लीलो चेवडो, म्हणजे आमच्याकडचा हिरवा चिवडा, घेऊन आल्या होत्या. त्यांच्या पणजेसासऱ्यांना पुढच्या पुस्तकात मारावं, अशी त्यांची विनंती होती. "मेले तर चालेल ने, पण अंगावर शाल असू दे. आणि इन्स्पेक्टरनं म्हणायला पाहिजे की माणूस मोठा होता." मी त्यांना मारलं. शाल दिली. इन्स्पेक्टर मोठेपणाबद्दल बोलायला विसरला, त्याचा राग त्या अजून धरून आहेत.

माझी गुप्तहेर म्हणजे सगुणाबाई. ती घरोघर जाऊन मुलांना देवी टोचते. अशी बाई त्या काळी बडोद्यात खरोखर होती की नाही, मला माहीत नाही. पण असायला हरकत नव्हती, आणि माझ्या धंद्याला तेवढं पुरतं. मी बँकेत नोकरीला होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिचा विचार करायची. त्या काळातली बाई गुप्तहेर करायची तर पहिला प्रश्न हा, की तिला घराबाहेर कोण सोडणार? आणि दुसऱ्यांच्या घरात कोण घेणार? तिनं हेरगिरी सुरू करायच्या आतच सासूनं तिला स्वयंपाकघरात बोलवायचं. देवी टोचणारीला मात्र कुणी अडवत नाही. सरदाराच्या माडीपासून शिपायाच्या खोलीपर्यंत ती जाते. पोर रडायला लागलं की घरातली झाडून सगळी माणसं गोळा होतात आणि पोराला गप्प करायच्या नादात नको ते बोलून जातात. सगुणाबाईचे अर्धे गुन्हे पोरांच्या रडण्यामुळे उघडकीला आलेत.

माझे पुण्याचे प्रकाशक दर पुस्तकाला विचारतात, "बाईंना एकदा पुण्यात आणा की." मी म्हणते, "त्यांना रजा मिळत नाही."

ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. रहस्यकथा उलटी लिहितात. लोकांना वाटतं, लेखक गुप्तहेराच्या मागे कंदील घेऊन चालतो आणि दोघांना मिळून चोर सापडतो. तसं काही नसतं. चोर मी पहिल्या दिवशीच ठरवते. मग त्याच्या पावलांवरून मागे मागे येते आणि वाटेत खुणा टाकते. एक खूण दारात, एक चुलीपाशी, एक कुणाच्या तरी तोंडी. नियम एकच. सगुणाबाईला जे दिसतं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. तिला दिसलं आणि वाचकापासून लपवलं, तर ती लबाडी. पात्रं स्वतःच्या मर्जीनं वागतात, असं काही लेखक सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. माझी पात्रं मी सांगेन तशीच वागतात. ऐकत नाही तो पुरावा.

हे मला नीट कळलं ते वसंतराव धुमाळांमुळे.

वसंतराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सत्तरीला टेकलेले, पण ॲक्टिव्हा अशी चालवतात की फतेगंजातली कुत्री त्यांना ओळखून बाजूला होतात. एका सकाळी ते हेल्मेट न काढताच माझ्या दिवाणखान्यात येऊन बसले.

"केम छो बेन? एक केस आहे."

"वसंतराव, मी केस घेत नाही. मी गोष्टी लिहिते."

"तेच ने. गोष्टच करायची आहे."

मग हेल्मेट काढून त्यांनी जी हकिकत सांगितली ती अशी. त्यांचे पणजोबा राणोजी धुमाळ संस्थानात शिपाई होते. एका सरदाराच्या घरी मुलीचं लग्न होतं, तिथं दारावर पहाऱ्याला गेले. लग्न झालं, पाहुणे गेले, आणि सकाळी चांदीची गुलाबदाणी जागेवर नाही. दारात राणोजी होते. ना चौकशी, ना पुरावा. राणोजींना नोकरीवरून काढलं, आणि तेव्हापासून हे घराणं 'गुलाबदाणीवाले धुमाळ' झालं. तो सरदार गेला, त्याचा वंशही बडोद्यात उरला नाही, पण नाव उरलं. आजही कुणाच्या लग्नात दारात अत्तरगुलाब चाललेलं असलं आणि धुमाळांपैकी कुणी आलं, की एखादा म्हातारा मोठ्यानं म्हणतो, "गुलाबदाणी सांभाळा हो, धुमाळ आले!" सगळे हसतात. धुमाळही हसतात.

"मला त्याचं काही नाही बेन," वसंतराव म्हणाले. "मी वर्कशॉपमध्ये याहून मोठ्या शिव्या खाल्ल्यात. पण आत्या."

वसंतरावांची आई ते लहान असतानाच वारली. त्यांना वाढवलं अक्काआत्यानं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं. ती आता नव्वदीला आली आहे. राणोजी तिचे सख्खे आजोबा, त्यांच्या मांडीवर ती खेळली आहे. या आत्यानं जन्मात कुठल्याही लग्नात अत्तरगुलाब घेतलं नाही. दारात कुणी गुलाबदाणी घेऊन पुढे आलं की ती हात पदराखाली घेते आणि सरळ आत जाते.

"लहानपणापासून बघतो मी. ती हात पदराखाली घेते ने, तेव्हा मी दुसरीकडे बघतो." वसंतराव हेल्मेटकडे बघत बोलत होते. "आता थंडीत माझ्या मीनूचं लग्न आहे. आत्यानं दारात उभं राहून मानानं अत्तरगुलाब द्यावं, एवढं एकच मला पाहिजे. तिला आता दिसत नाही, तुमची पुस्तकं मी तिला वाचून दाखवतो. पेपरवर तिचा विश्वास नाही, सगुणाबाईवर आहे. सगुणाबाईनं एकदा सांगितलं की राणोजी निर्दोष, तर आत्या मोकळी होईल. तिच्याकडे फार टाइम नाही बेन."

मी नाही म्हणाले. खऱ्या माणसांच्या खऱ्या भानगडीत सगुणाबाईला ओढायचं नाही, हे मी मिशांच्या प्रकरणापासून ठरवलं होतं. वसंतराव "हरकत नाही, विचार करा" असं म्हणून गेले, आणि पुढच्या आठवड्यात भाकरवडी घेऊन परत आले. सोबत पुरावा होता.

"एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी पणजोबांची पाळीच नव्हती. दुसऱ्याची होती. त्यांनी स्वतः मागून घेतली. किती मदतीला धावणारा माणूस, बघा ने!"

मी भाकरवडी खाल्ली.

त्याच्या पुढच्या खेपेला ते म्हणाले, "बाकीचे पहारेकरी जेवायला मागच्या चौकात गेले. पणजोबा एकटे दारात उभे राहिले. जेवलेसुद्धा नाहीत. काय ड्यूटी!"

मग एकदा म्हणाले, "त्यांना विचारलं, चोरी तू केलीस का? तर एक शब्द बोलले नाहीत. स्वाभिमान, बेन!"

आणि सगळ्यात शेवटी, डोळ्यांत पाणी आणून, "त्या दिवसापासून त्यांनी डोक्याला फेटा बांधला नाही. त्या काळात बोडक्या डोक्यानं कोण फिरायचं? हे फिरले. मरेपर्यंत. इतकं मनाला लागलं."

वाचकहो, तुम्ही रहस्यकथा वाचत असाल तर माझी पंचाईत एव्हाना तुमच्या लक्षात आली असेल. पाळी मागून घेतो, सगळे गेल्यावर एकटा थांबतो, विचारलं तर तोंड उघडत नाही. हा माणूस माझ्या कुठल्याही कादंबरीत असता, तर सगुणाबाईनं चाळिसाव्या पानावर त्याचा दंड धरला असता आणि उरलेलं पुस्तक कोरं राहिलं असतं. वसंतराव दर आठवड्याला येऊन पणजोबांभोवतीचा फास घट्ट करत होते, आणि प्रत्येक वेढ्याला माझ्याकडे आशेनं बघत होते. शेवटी मला भीती वाटायला लागली, की आणखी दोन भाकरवड्या झाल्या की ते गुलाबदाणीच घेऊन येतील.

पण तो पदराखाली जाणारा हात माझ्या डोक्यातून जाईना. कधी न पाहिलेल्या त्या म्हातारीची मला काळजी वाटायला लागली. मी लिहायला बसले.

चोर बदलायचा तर दुसरा कोण? घरातला नोकर, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात आळशी युक्ती. शिवाय गरिबावरचा आळ काढून दुसऱ्या गरिबावर टाकायचा, तर पुस्तक लिहायची गरज काय, जग तेच करतं. सोनार म्हणावा तर सोनारांचे पणतू आहेत. आचारी म्हणावा तर त्यांचेही. मग मला सुचलं, की गुलाबदाणी सरदारानंच लपवली. ती चांदीची नव्हतीच! पितळेवर चांदीचं पाणी दिलेलं होतं, आणि गुलाबपाण्यानं मानेपाशी हिरवा डाग पडला होता. मुलीच्या सासरच्यांना तो दिसला तर घराण्याची शोभा होणार. म्हणून सरदारानं गुलाबदाणी गायब केली आणि बळी दिला दारातल्या शिपायाचा. सरदाराचा वंश नाही, म्हणजे फोन येणार नाही. सगुणाबाईला घरातल्या नातवाला देवी टोचताना त्याच्या मुठीत हिरवट झालेली चिंधी दिसते, तिथून सगळं उलगडतं. मी खूश झाले.

फेटा तेवढा कुठं बसेना. मनाला लागलं म्हणून कुणी नोकरी सोडेल, जेवण सोडेल, फेटा का सोडेल? बरेच दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी फेटा गाळून टाकला. बसत नाही ती खूण गाळायची, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जास्त पाळला जाणारा रिवाज आहे.

हस्तलिखित वाचून वसंतराव लहान मुलासारखे रडले. छापायच्या आधी आत्याला वाचून दाखवायचं आणि मी समोर असायचं, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून एका दुपारी मी घडियाळी पोळीत त्यांच्या घरी गेले. खाली घड्याळांची आणि बांगड्यांची दुकानं, वर अरुंद जिना, आणि जिन्याच्या शेवटी खोलीभर झोपाळा. झोपाळ्यावर अक्काआत्या. एवढीशी, पण ताठ. माझा दंड चाचपून म्हणाली, "बेस, इथं बस. सगुणाबाई तूच ने? वाटली त्यापेक्षा जाड आहेस."

वसंतरावांनी वाचायला सुरुवात केली. आत्या पायाच्या अंगठ्यानं झोपाळा हलवत ऐकत होती. राणोजी पाळी मागून घेतो, तिथं तिनं मान हलवली. हिरव्या डागापाशी "अरे वा" म्हणाली. शेवटी सगुणाबाई भर चौकात सरदाराला म्हणते, "हा शिपाई चोर नाही, चोर तुमची शोभा आहे." ते वाक्य वसंतरावांनी दोनदा वाचलं. त्यांनी चष्मा पुसला आणि आत्याकडे बघितलं.

आत्यानं अंगठा टेकून झोपाळा थांबवला.

"फारच छान लिहिलंस," ती मला म्हणाली. "पण घेतली होती ने त्यानं."

वसंतरावांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मी विचारलं, "काय घेतली होती?"

"गुलाबदाणी. त्यानं स्वतः मला सांगितलं, मी इतकी होते तेव्हा."

मग तिनं सांगितलं. राणोजींना गाण्याचं वेड होतं. त्या लग्नात मोठं गाणं होतं, ते दारातून तरी ऐकू येईल म्हणून पाळी मागून घेतली. गाणं संपलं. अत्तरगुलाब निघालं. सरदाराचा माणूस एकेकाला देत देत दारापाशी आला. सगळ्यांनी हात पुढे केले, तसा राणोजींनीही केला. त्या माणसानं त्यांच्या हाताकडे बघितलं, गुलाबदाणी उचलून धरली, आणि वळसा घालून पुढच्या पाहुण्याकडे गेला.

"पुढे केलेला हात तसाच राहिला," आत्या म्हणाली. "आजोबा मला म्हणाला, पोरी, बंदूक धरायला हा हात चालतो, गुलाबपाण्याला चालत नाही. मग सगळे जेवायला गेले. ती चांदीची बया तबकात पडलेली. यानं उचलली आणि फेट्यात खोचली. लांब मान तिची, लोकांना वाटलं तुरा आहे."

"फेट्यात!" मी म्हटलं. इतक्या कादंबऱ्या लिहूनही एवढं साधं मला दिसलं नव्हतं.

"फेट्यातच. पण आत पाणी होतं ने. सगळं सांडलं. तो फेटा असा घमघमायला लागला, की वाटेवरची माणसं वळून बघायची. तसाच सुरसागरावर गेला, गुलाबदाणी फेट्यात बांधली आणि तळ्यात सोडली. विकायची नव्हतीच त्याला. पुढे नवा फेटा आणला, तर म्हणे, डोक्याला बांधला की तोच वास येतो आणि मला हसू येतं. पहाऱ्यावर नसलो तरी हसणं बरं दिसत नाही. म्हणून बांधलाच नाही." आत्या हसली. "मध्यंतरी तळं साफ केलं ने, तेव्हा मी वसंतला रोज पेपर वाचायला लावायची. काय काय सापडलं म्हणून."

वसंतराव खाली बघत होते. सत्तरीचा माणूस शाळेत नापास झाल्यासारखा दिसत होता. "मग तू हात पदराखाली का घेतेस, आत्या? लाज वाटते म्हणूनच ने?"

"लाज? कसली लाज?" आत्याला खरंच नवल वाटलं. "त्यानं सांगितलं होतं. ज्या दारात दारवानाला मिळत नाही, त्या दारात आपण हात पुढे करायचा नाही. मी बघते, कुठल्याच दारात मिळत नाही. तर काय करू?"

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुझा बाप, तुझा काका, तू, सगळे त्याला निर्दोष करण्यात गुंतलेले. मला वाटलं, करा बापडे."

मग ती माझ्याकडे वळली, आणि ज्या डोळ्यांना दिसत नाही त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"ऐक हो. माझ्या आजोबानं जन्मभर हुकुमानं उठायचं, हुकुमानं बसायचं. स्वतःच्या मनानं एकच काम केलं. ते पण तू त्या सरदाराच्या नावावर लावणार?"

मी हस्तलिखित उचललं आणि पिशवीत घातलं. जिना उतरताना वसंतराव माझ्यासोबत आले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. इतकी वर्षं ज्या दुःखासाठी ते झुरत होते, ते आत्याला कधी झालंच नव्हतं, आणि ते बिचाऱ्यांना आता एकट्यालाच सांभाळायचं होतं. खाली आल्यावर ते हळूच म्हणाले, "आत्याला पाहिजे तसं लिहा, बेन. पण धुमाळ हे नाव काढा. मीनूच्या सासरचे वाचतात."

मी सगळं पुस्तक पुन्हा लिहिलं. पुरावा या वेळी आपल्या पायांनी चालत आला, मला काही ढकलावं लागलं नाही. नावं बदलली. सगुणाबाई बोडक्या डोक्याच्या शिपायाला तळ्याच्या काठावर गाठते. त्याचा फेटा कुठं आहे, हे तिला कळलेलं असतं. ती काही विचारत नाही. पेटी उघडते, त्याच्या दंडावर देवी टोचते, "काही दिवस हात भिजवू नकोस" एवढं सांगते आणि निघून जाते. प्रकाशकांचा फोन आला, "चोर सुटला हो! वाचक चिडतील." मी म्हटलं, चिडू देत, आमच्याकडे वाचक चिडला की भाकरवडी आणतो.

वाचक चिडले नाहीत. उलट जे झालं ते माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात कधी झालं नव्हतं. पुस्तक आल्यावर एक फोन आला, "बेन, तुमचा तो शिपाई म्हणजे आमचे पणजोबा असणार. घरात नेहमी बोलायचे, कुणीतरी सुरसागरात काहीतरी टाकलं होतं." मग दुसरा आला. त्यांच्या घरात तर बोडक्या डोक्याचा फोटोच होता. ज्या गावात काल्पनिक हवालदार मिशांसकट नाकारला गेला, तिथं चोराला वारस मिळायला लागले.

थंडीत मीनूचं लग्न झालं. मी पोचले तेव्हा हॉलच्या दारापाशी वसंतराव फेटा बांधून व्याह्यांना घेऊन उभे होते. तेवढ्यात प्रतापनगरचे सुर्वे मला गाठून मोठ्यानं म्हणाले, "बेन, काय लिहिलंय! तो शिपाई आमच्या घराण्यातला, नक्की! आमच्या पणजोबांचा स्वभाव हुबेहूब तोच."

वसंतरावांनी ऐकलं. मला वाटलं, आता ते दुसरीकडे बघतील. पोरीचं लग्न, बाजूला व्याही, विहीण. पण त्यांचा चेहरा लाल झाला.

"ए सुर्वे! तुमचा कसा? चोर आमचा आहे!"

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? गुलाबदाणीवाले कोण? तुम्ही का आम्ही? शंभर वर्षं ऐकून घेतलंय आम्ही ते! आता पुस्तकात आल्यावर तुमचा काय? चोर आमचाच!"

वाजंत्रीवालेसुद्धा थांबले. विहीणबाईंनी डोळे मोठे केले. मी मनात म्हटलं, झालं, लग्न मोडतंय. विहीणबाई म्हणाल्या, "अगं बाई! ते फेटावाले? ते तुमचे पणजोबा? मग आधी सांगायचं नाही का!" आणि त्यांनी आपल्या नणंदेला हाक मारून बोलावलं.

हे सगळं चाललं असताना अक्काआत्या दारातल्या खुर्चीवर गुलाबदाणी घेऊन बसली होती. ती मांडववाल्यानं भाड्यानं आणलेली होती, चांदीची नसावी. पाहुण्यांची रांग लागलेली, सगळे थांबलेले, कारण आत्यानं अजून कुणावर एक थेंब शिंपडला नव्हता. तिनं शेजारच्या कुणाला तरी विचारून बाजूला बोट केलं. तिथं हॉलचा दारवान उभा होता. मध्यमवयीन, ढगळ निळा गणवेश, डोक्यावर टोपी.

"इकडे ये, बाबा. हात पुढे कर."

त्याला वाटलं काहीतरी चुकलं. तो जवळ आला. आत्यानं चाचपून त्याचा हात धरला, त्यावर गुलाबपाणी शिंपडलं, मग गुलाबदाणी त्याच्याच हातात दिली.

"आता तू मला दे."

"हुं, माजी? मी देऊ?" तो गोंधळून म्हणाला.

"तूच."

सवयीनं पदराखाली गेलेला हात आत्यानं बाहेर काढला आणि पुढे केला. त्यानं दोन थेंब टाकले. तिनं तो हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथंच ठेवला. वसंतराव सुर्व्यांशी भांडायचं सोडून बघत राहिले.

"माझे हात दुखतात," आत्या थोड्या वेळानं म्हणाली. "आता तूच उभा राहा इथं आणि सगळ्यांना दे."

तो दारात उभा राहिला. रांग सरकायला लागली. व्याही, विहीण, तोफखानेवाल्यांचे पणतू, फतेगंजातले प्राध्यापक, सुर्वे, सगळे एकेक करून त्याच्यासमोर थांबत होते आणि हात पुढे करत होते. माझी पाळी आल्यावर मीही केला.